पाय सुजलेत का?

प्रिय विहीणबाई,

आज तुमची नात घरी आली. हे वाक्य सगळ्यात आधी लिहिलं, कारण पुढचं पत्र लांबलचक आहे आणि वाचताना मध्येमध्ये तुमचा जीव खालीवर होणार आहे. तसं झालं की परत वर यायचं आणि पहिलं वाक्य वाचायचं. आत्ता ती आतल्या खोलीत झोपली आहे आणि झोपेत असे काही आवाज काढते आहे, की कुणीतरी बंद पडलेलं इंजिन चालू करायला बसलंय असं वाटावं. तुमची लेक भिंगरी तिच्याकडे टक लावून बघतेय आणि आमचे चिरंजीव त्या दोघींकडे. घरात कामाचं माणूस असं कुणी उरलेलंच नाही. म्हणून स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा पसारा कोपरानं बाजूला सारून मी लिहायला बसले.

तुम्ही जन्मभर शाळेत मुलांना भाषा शिकवलीत आणि मी जन्मभर मोठ्या माणसांना गाडी चालवायला शिकवली, तेव्हा माझ्या ऱ्हस्व-दीर्घाकडे कानाडोळा करा. लग्नाच्या पत्रिकेचा नमुना तुम्हाला बघायला पाठवला, तर तुम्ही तो लाल शाईनं तपासून परत पाठवलात. वर समासात 'पुन्हा लिहा' असा शेरा. मी आठवडाभर धुमसत होते. मग तुम्ही लग्नाला आलात, मी तुम्हाला स्टेशनवरून आमच्या शिकाऊ गाडीत घालून घरी आणलं, आणि वाटेत तुम्ही डोळे घट्ट मिटून बसला होतात. उतरल्यावर एकच शब्द बोललात, "बरं." तेव्हापासून तुमच्या त्या 'बरं'चा मी धसकाच घेतलाय. त्यात राग असतो की कौतुक, हे मला कित्येक दिवस धड कळलं नव्हतं.

भिंगरीला दिवस गेल्याचं तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हाही तुम्ही एवढंच म्हणालात, "बरं." मी इकडे पेढे वाटायच्या बेतात आणि तिकडून हे असं! वर लगेच विचारलंत, "पाय सुजलेत का?" मला हसू आवरेना. अहो, दुसरा महिना, पाय कशाला सुजताहेत? पण पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच प्रश्न, त्याच्या पुढच्याही आठवड्यात तोच. पोरीला खायला काय आवडतंय, मुलगा हवा की मुलगी, नाव काय ठेवणार, काही म्हणजे काही नाही. नुसतं पाय सुजलेत का. आमच्या घरात तो विनोदच होऊन बसला. फोन वाजला की चिरंजीव आपली पँट गुडघ्यापर्यंत वर करून बायकोला पाय दाखवायचे. भिंगरीही हसायची. पण ती नेहमी जरा उशिरा हसायची, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

बाकी ते महिने काय मजेत गेले म्हणून सांगू! पोटाचा नगारा झाला तरी ही बया एका जागी बसेल तर शपथ. तुम्ही तिचं नाव भिंगरी ठेवलंत ते अगदी जोखून ठेवलंत, आणि नोकरी धरली तीही भिंगांच्या दुकानात. दिवसभर लोकांचे डोळे तपासायचे, हे भिंग लाव, ते काढ, खालची ओळ वाचा, आणि घरी येऊन माझी कपाटं आवरायची. माझ्या शिकाऊंपैकी अर्ध्याअधिक लोकांना तिनं चष्मे लावले. एका गृहस्थांना मी दोन महिने 'समोर बघा, समोर बघा' म्हणून ओरडत होते, तर त्यांना समोरचं दिसतच नव्हतं.

सातव्या महिन्यात तिचं डोकं दुखायला लागलं. भिंगांकडे बघून दुखतंय, असं ती म्हणाली आणि मलाही पटलं. तपासणीचा दिवस होता म्हणून मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाई अगदी तरुण, बोलणं भरभर, केसांत नेहमी एक पेन खोचलेलं. बीपी थोडं वर होतं. "थोडंच आहे," त्या म्हणाल्या, "बघू या पुढच्या वेळी." आम्ही उठणार, तेवढ्यात भिंगरी हसत हसत म्हणाली, "माझी आई फोनवर सारखं एकच विचारते, पाय सुजलेत का. पाय नाही सुजले, पण अंगठी बोटातून निघत नाहीये."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बसायला सांगितलं. "आई असं का विचारते?"

विहीणबाई, आता तुम्ही पहिलं वाक्य एकदा वाचून या.

भिंगरीनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि खाली मान घालून सांगितलं, की तिच्या जन्माच्या वेळी तुमचं बीपी असं चढलं होतं की तुम्हाला झटके आले. तुम्ही कितीतरी दिवस शुद्धीवर नव्हतात. तुम्हाला मुलगी झालीय हेसुद्धा तुम्हाला नंतर कुणीतरी सांगितलं. तुम्ही हे तिला कधी बोलला नाहीत. तिला ते तिच्या मावशीकडून कळलं, आणि मावशीनं शपथ घातली होती म्हणून तिनंही तुम्हाला कधी विचारलं नाही. इतकी वर्षं एका घरात तुम्ही दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतात. मी त्या दवाखान्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ऐकत होते, आणि आमच्या घरातला तो पाय दाखवायचा विनोद आठवून मला कुठे तोंड लपवू असं झालं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आईला झालं असेल तर मुलीलाही व्हायचा धोका वाढतो, म्हणून आपण एक रक्ताची तपासणी करू. त्यांनी मला ती समजावून सांगितली. मला समजली तशी सांगते, तुम्ही लाल शाई काढू नका. बाळाची जी वार असते ना, ती आईच्या रक्तात दोन प्रकारची प्रोटीनं सोडते. एक रक्तवाहिन्यांना वाढवतं, मोकळं ठेवतं. दुसरं त्या पहिल्याला धरून ठेवतं, काम करू देत नाही. मी लगेच म्हटलं, "म्हणजे एक ॲक्सिलरेटर आणि एक ब्रेक." त्या हसल्या, म्हणाल्या, "ब्रेक चांगला असतो हो काकू. हे म्हणजे चांगल्या ड्रायव्हरचे हात पाठीमागून पकडून ठेवणारं माणूस." वारेला नीट रक्त मिळेनासं झालं की हे पकडणारं वाढतं आणि पहिलं कमी कमी होत जातं. मग आईच्या सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्या बिघडायला लागतात, बीपी चढतं, मूत्रपिंड, यकृत, मेंदू, सगळ्यांवर येतं. आणि गंमत अशी, की या दोघांचं रक्तातलं प्रमाण पुष्कळदा आधी बिघडतं आणि आजार मागून तोंड दाखवतो. म्हणून ते मोजायचं.

त्या वेळी ते प्रमाण चांगलं आलं. अगदी खाली. "निदान हा आठवडा तरी निर्धास्त राहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण तपासणीला येत राहायचं, आणि डोळ्यांपुढे काही चमकलं, पोटात वर दुखलं, तर उठून सरळ इकडे यायचं." आम्ही दोघी दवाखान्यातून बाहेर आलो आणि समोरच्या दुकानात उभ्या उभ्या आइस्क्रीम खाल्लं. दोन दोन. भिंगरीनं तिथेच शेजारच्या दुकानातून अंगठ्याएवढे मोजे घेतले. इतकी हलकी झाली होती ती, की मला प्रथमच कळलं, ही पोर एवढे महिने काय पोटात घेऊन हिंडत होती. बाळाबरोबर तुमचं भयही.

मग आठव्या महिन्यात एका सकाळी मी एका बेकरीवाल्यांना शिकवत होते. माणूस बनपावासारखाच मऊ आणि गोल. गाडी इतकी हळू चालवतो, की पायी जाणारे लोक आम्हाला मागे टाकतात. भिंगरीच्या दुकानातून फोन आला. ती एका म्हाताऱ्या आजोबांचे डोळे तपासत होती आणि समोरच्या फळ्यावरची अक्षरं तिलाच दिसेनाशी झाली, सगळीकडे चांदण्या चमकायला लागल्या. दुसऱ्यांचे डोळे तपासणाऱ्या पोरीला स्वतःच्या डोळ्यांत काही बिघडलंय हे कळणार नाही की काय! तिनं लगेच खुर्ची गाठली आणि मला फोन लावायला सांगितला.

मी बेकरीवाल्यांना म्हटलं, "उतरा." ते म्हणाले, "इथे? भर रस्त्यात?" म्हटलं, "मग मागे बसा." ते मागे बसले, सीटबेल्ट लावला आणि आम्ही भिंगरीला दुकानातून घेऊन दवाखान्याकडे सुटलो. आमच्या गाडीच्या टपावर 'शिकाऊ चालक, अंतर ठेवा' अशी पाटी आहे. त्या दिवशी लोकांनी खरंच अंतर ठेवलं. भिंगरी माझ्या शेजारी डोळे मिटून बसली होती, अगदी तुम्ही बसला होतात तशी, आणि मला पहिल्यांदा दिसलं की हनुवटी तुमची आहे.

आता नीट ऐका, कारण हे तुम्हाला कळायला हवं. दवाखान्यात बीपी वाढलेलं निघालं, पण फार नाही. लघवीची तपासणीही ना धड इकडची, ना धड तिकडची. बसल्या बसल्या चांदण्याही थांबल्या. भिंगरी म्हणायला लागली, "आता बरं वाटतंय, घरी जाऊ या, उगाच सगळ्यांना त्रास." मलाही, खोटं कशाला बोलू, तेच हवं होतं. पण डॉक्टरीणबाईंनी पुन्हा ती रक्ताची तपासणी करायला घेतली. दुपारनंतर निकाल आला. पकडणारं प्रोटीन भरमसाट वाढलं होतं आणि चांगलं जेमतेम उरलं होतं. त्या स्वतः आल्या, पलंगाच्या कडेवर बसल्या आणि म्हणाल्या, "एवढ्या बीपीवर मी कदाचित दोन दिवसांनी या म्हटलं असतं. आता नाही म्हणणार. आता तुम्ही इथेच राहायचं."

त्याच संध्याकाळी बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून तिला इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी दुसरं. बीपीच्या गोळ्या सुरू झाल्या. झटके येऊ नयेत म्हणून द्यायचं औषधही उशाशी तयार ठेवलं. चिरंजीव परगावी पुलाच्या कामावर होते, ते धावत पळत आले, बूट चिखलानं भरलेले, नर्सबाईंनी त्यांना दारातच थांबवून आधी बूट काढायला लावले. भिंगरीनं आम्हाला एकच सांगितलं, "आईला कळवू नका. तिला ते सगळं परत आठवेल." मग थोड्या वेळानं माझा हात धरून म्हणाली, "आई, माझ्या वेळी तिला कळलंच नसेल ना, काय होतंय ते? नुसतं डोकं दुखत असेल आणि सगळे म्हणत असतील, पड जरा." मी तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

तुम्ही त्या आठवड्यात फोन केलात तेव्हा मीच घेतला होता. तुम्ही विचारलंत, पाय सुजलेत का. मी म्हटलं, "पाय चांगले आहेत, आणि तिच्याकडे चोवीस तास लक्ष आहे." तुम्ही म्हणालात, "बरं." त्या दिवशी तो शब्द मला कळला.

चार दिवस तिनं काढले, आणि त्या चार दिवसांत इंजेक्शनांचं काम झालं. पाचव्या दिवशी सकाळी बीपी जे उसळलं ते गोळ्यांना जुमानेना. पण धावपळ झाली नाही, विहीणबाई. आरडाओरडा नाही, डॉक्टर शोधा, रक्त शोधा, असलं काही नाही. सगळे जण आपापल्या जागी तयार होते, जणू बाळानं वेळ कळवून ठेवली होती. झटक्यांवरचं ते औषध सलाईनमधून सुरू केलं आणि तिला आत नेलं. झटका आला नाही. एकही नाही. कमरेत सुई देऊन तेवढंच अंग बधिर केलं होतं, त्यामुळे भिंगरी पूर्ण जागी होती. बाळ बाहेर आलं, मांजरीच्या पिल्लासारखं रडलं, आणि नर्सबाईंनी ते तिच्या गालाला लावलं. तिनं आपल्या लेकीला पहिल्या क्षणी पाहिलं. "केस किती आहेत हिला!" हे तिचं पहिलं वाक्य. तुमच्या वाट्याला जे आलं नाही ते तुमच्या लेकीच्या वाट्याला आलं, आणि तुम्हीच तो प्रश्न विचारून विचारून तिच्या तोंडी बसवला नसतात, तर ती पहिली तपासणी झाली नसती. हे मी म्हणत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी फक्त मान डोलावली.

चिरंजीवांनी तुम्हाला फोनवर सांगितलं, मुलगी झाली, जरा घाई होती तिला. घाई कसली, तिला बोलावून घेतलं होतं! वजन पावणेदोन किलो. साखरेच्या पिशवीएवढी. काचेच्या पेटीत ठेवली होती आणि आत फक्त आई-बापाला सोडत, म्हणून मी बाहेरून काचेला नाक लावून उभी राहायची. भिंगरीचं बीपी उतरायला दहा-बारा दिवस लागले, पण उतरलं. चिरंजीव शर्टाची बटणं काढून लेकीला छातीशी धरून बसायला शिकले. हा मुलगा घरात कपबशी धरली तरी फोडतो, पण तिला अशी धरतो की बघत राहावं. आणि बेकरीवाले रोज सकाळी दवाखान्याच्या दाराशी गरम पाव घेऊन हजर. नर्सबाईंची तर त्यांनी चंगळच केली. परवा ते ड्रायव्हिंगच्या परीक्षेत पास झाले. मी त्यांना विचारलं, एवढा वेग कुठून आला? म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी चालवलीत तशीच चालवली, फक्त निम्मी."

आज तिला घरी आणताना गाडी मी चालवली. आयुष्यात इतकी हळू कधी चालवली नाही. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ! मी खिडकीतून हात बाहेर काढून सगळ्यांना सांगितलं, "पाटी वाचा, पाटी!"

आता हे सगळं फोनवर न सांगता पत्रात का लिहिलं, ते सांगते. फोनवर तुम्ही 'बरं' म्हणून ठेवून दिला असतात. आज निघताना डॉक्टरीणबाईंनी भिंगरीला बजावलं, की हा आजार बाळंतपणाबरोबर संपला असं समजायचं नाही. ज्या बाईला तो होऊन गेला तिला पुढे बीपीचा, हृदयाचा धोका जास्त असतो, तेव्हा दर वर्षी तपासायचं, जन्मभर. आणि मग सहज विचारलं, "तुमच्या आईचं बीपी किती असतं?" भिंगरी म्हणाली, "आई माझ्या जन्मानंतर दवाखान्याची पायरी चढलेली नाही." तिचा चेहरा बघवेना. लेक कुशीत आणि डोळे दाराकडे, तुमच्या गावाच्या दिशेला. विहीणबाई, तुम्ही दवाखान्यात का जात नाही ते आता मला माहीत आहे, म्हणून मी तुम्हाला उपदेश करणार नाही. मी रविवारी पहाटे निघते, दिवसभराचा रस्ता आहे, संध्याकाळी तुमच्या दारात असेन. सोमवारी सकाळी आपण दोघी मिळून तुमच्या तिथल्या डॉक्टरांकडे जाऊ. मी खुर्चीत शेजारीच बसेन, आणि तुमच्या दंडाला पट्टा बांधतील तेव्हा माझ्याही बांधायला सांगेन, कारण माझंही कुणी बघितलेलं नाही. जो आकडा येईल तो येईल, त्यावर गोळ्या असतात. मग सामान गाडीत टाकायचं आणि नातीकडे यायचं, राहायला, पाहुणी म्हणून नाही. तिला शुद्धलेखन कोण शिकवणार? मी? आणि आता हे अहो-जाहो पुरे झालं. एका पोरीच्या आपण दोघी आज्या, तिच्या देखत भांडायचं म्हटलं तर 'तुम्ही'त मजा नाही. नाही म्हणू नकोस. म्हणालीस तरी मी येणारच आहे. आणि या खेपेला डोळे उघडे ठेवून बस, रस्ता फार सुंदर आहे.

तुझीच,
विहीण